जिप्सीचे नवीन बुश सहा महिन्यांत काहून गेले, आणि परत टाकायचे तर कसे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाडी जुनी मारुती जिप्सी किंग, आधी पेंचच्या जंगल सफारीत चाललेली, आता तुमच्याकडे नागपूरला मानेवाड्यात. समोरून खटखट यायची, सत्तरच्या पुढे स्टिअरिंग लोळायचं, म्हणून पावसाळ्याच्या आधी पाट्याचे (पाटा म्हणजे एक्सलवरची पट्ट्यांची स्प्रिंग, तिचं एक टोक चेसिसला फिक्स असतं) आणि शॅकलचे (दुसरं टोक धरणारा, दोन पत्त्यांचा झुलता दुवा) सगळे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, नवीन टाकले. दिवाळीपर्यंत परत तीच खटखट. मेकॅनिक म्हणतो आजकाल रबरच चांगलं येत नाही, पॉलीचे (पॉलीयुरेथेनचे, रबरापेक्षा कडक) टाकून द्या. तुम्ही विचारून राहिले की पॉली टाकू का, आणि हे काम घरी जमेल का.

पॉलीचं शेवटी सांगतो. आधी हे पाहा भाऊ, चांगलं सोडा, मध्यम दर्जाचं रबरसुद्धा असं पाच-सहा महिन्यांत जात नाही. एवढ्या लवकर गेलं म्हणजे टाकताना काहीतरी झालं, किंवा टाकल्यावर कोणीतरी त्याच्यावर काहीतरी ओतलं. आणि माझा अंदाज विचाराल तर गाडी जॅकवर टांगलेली असतानाच नट फुल टाईट करून दिले. माझ्याकडे अशी "नवीन बुश गेले" वाली गाडी आली की पहिलं हेच विचारतो, की आवळले तेव्हा चाकं जमिनीवर होती का, आणि समोरचा माणूस माझ्याकडे पाहतच राहतो, कारण त्याने ते पाहिलेलंच नसतं.

यात होतं काय ते सांगतो. बुशमधलं रबर पिनवर गोल घसरत नाही, घसरायलाच नको. नट आवळला की आतली बाजू पिनसोबत किंवा ब्रॅकेटसोबत जाम होते, बाहेरची बाजू पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळीत) जाम असते, आणि पाटा वरखाली झाला की मधलं रबर थोडं पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणजे रबरला एक आरामाची जागा असते, आणि ती तुम्ही ठरवता, ज्या स्थितीत नट आवळला ती. गाडी जॅकवर, एक्सल खाली लोंबकळून राहिला, पाट्याची कमान वाढलेली, अशात आवळलं तं आरामाची जागा तीच झाली. मग गाडी खाली सोडली, वजन आलं, पाटा सपाट झाला, शॅकल मागे-पुढे कलला, आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं, ओला टॉवेल पिळून तसाच धरून ठेवावा तसं. वरून खड्डा आला की अजून पिळणार. सुरुवातीला गाडी थोडी कडक आणि एखाद बोट उंच वाटते, मालक खूश होतो की वा काय टाईट झाली गाडी, आणि दोन-चार महिन्यांत रबर आतल्या बाजूने सुटतं.

हे आता गेलेले बुश काढले की फेकू नका, उजेडात पाहा, सगळं त्यावर दिसतं. कोनात चिरल्यासारखं फाटलेलं, बाकी रबर चांगलं, तर वरचं कारण, म्हणजे टांगून आवळलेलं. फुगलेलं, मऊ, चिकट, नखाने खरवडलं की काळं हाताला लागतं, तर तेल-डिझेल लागलेलं. कडक, वरून बारीक तडे, वाकवलं की तुटतं, तर वय आणि ऊन, पण ते नवीन बुशला एवढ्यात होणार नाही. आणि एकाच बाजूने घासून पातळ झालेलं, सोबत तांबडी भुकटी, तर भोक किंवा पिन झिजलेली आहे आणि कितीही नवीन बुश टाकले तरी ते खाणार.

डिझेलचं मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे ही सवय लय आहे. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की वॉशिंगवाला खालून धुतो आणि मग वरून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून देतो, चेसिसला गंज लागू नये आणि पाटे करकर करू नयेत म्हणून. पाट्याच्या लोखंडाला ते चालतं हो, पण तेच पाट्याच्या डोळ्यात उतरतं, शॅकलमध्ये उतरतं, शॉकॲबच्या बुशवर बसतं, आणि या बुशचं रबर तेल सहन करत नाही, ते पितं आणि फुगतं. तुम्ही पावसाळ्याआधी बुश टाकले आणि पावसाळा म्हणून खालून फवारणीही करून घेतली असेल, तर दोन्ही कारणं एका गाडीत. वॉशिंगवाल्याला फवारा मारूच नको म्हणून सांगा. गंजाची भीती असेल तर चेसिस कोरडी करून ब्रशने अंडरकोट मारा, बुशवर कापड गुंडाळून.

बाकी आपला इलाका पण रबरला सोपा नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी दिवसभर उघड्यावर, खालून रोडची भाप. पावसाळ्यात उमरेड-भिसीकडे किंवा कुठल्याही शेतरस्त्याला गेलात की काळी माती शॅकलमध्ये ठासून भरते आणि वाळली की दगड होते, शॅकलला कलायला जागाच राहत नाही, आतमध्ये ओल धरून ठेवते, पिन गंजते. त्यामुळे चिखलातून आलो की प्रेशर पंपाने शॅकल आणि डोळे साध्या पाण्याने धुवायचे, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. एवढं केलं तरी लय फरक पडतो.

आता खटखट बुशचीच आहे हे कशावरून? नवीन बुश टाकूनही आवाज आला म्हणजे कधी कधी पहिल्यांदाही आवाज बुशचा नव्हताच. जिप्सीत हा घोळ जास्त होतो, कारण तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, वेगळा बसलेला आहे, चेसिसवर तीन रबर माउंटिंगवर, आणि मधे एक छोटा प्रॉपेलर शाफ्ट. ती माउंटिंग बसली की क्लच सोडताना, ॲक्सिलेटर सोडून परत दिला की मधून एक जाड "धप" येते, ती केबिनमध्ये बसून ऐकली तर माणूस शपथेवर सांगतो की समोरच्या पाट्यातून आली. ओळखायची खूण अशी की गिअर टाकताना-सोडताना येते ती माउंटिंग किंवा प्रॉपेलरच्या क्रॉसची, खड्ड्यात आणि ब्रेक मारताना येते ती पाटा-शॅकल-शॉकॲबकडची. अगदी शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथून करा.

मग गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकं जमिनीवरच. एकाने आत बसून स्टिअरिंग अर्धा फेरा डावीकडे-उजवीकडे करत राहायचं, जोरात नाही, दुसऱ्याने बाजूला वाकून समोरच्या शॅकलकडे पाहायचं. जिप्सीत ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) आडवी आहे, ती चाक वळवण्याआधी एक्सललाच आडवं ढकलते, आणि त्या एक्सलला आडवं धरून ठेवणारं पाटे आणि बुश यांच्याशिवाय काही नाही. बुश गेलेले असले की चाक वळायच्या आधी अख्खा एक्सल बाजूला सरकताना दिसतो, शॅकलच्या पत्त्या तिरप्या होतात. तुमचं ते सत्तरच्या पुढे लोळणं बऱ्याच वेळा हेच असतं. थोडंसं हलणं चालेल, रबर आहे, हलणारच. लोखंडाला लोखंड लागून "टक" झालं तर नाही चालणार. नंतर सब्बल किंवा मोठी टॉमी डोळा आणि हँगरच्या (पाटा धरणाऱ्या चेसिसवरच्या ब्रॅकेटच्या) मध्ये घालून हलकं रेटून पाहा. पिन डोळ्याच्या मधोमध आहे का वर टेकली आहे तेही दिसतं. शॅकलच्या पत्तीवर किंवा पाट्याच्या कडेला एखादी जागा चांदीसारखी चमकत असेल तर तिथे घासून राहिलं.

मग समोरचं एक-एक चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिल लागली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिल गेली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं) बेअरिंग. आडवं धरून हलवल्यावर ढिल लागली तर टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे एंड पाहा. हे सगळं न पाहता फक्त बुश बदलले की पैसे गेले आणि लोळणं तिथंच. यू-बोल्ट ढिले आहेत का आणि सेंटर बोल्ट शाबूत आहे का तेही याच वेळी. दोन्ही बाजूला पाट्याच्या फिक्स टोकापासून हबच्या मध्यापर्यंत टेप लावा, डावं-उजवं वेगळं आलं तर एक्सल सरकलेला आहे.

अजून एक गोष्ट, सफारीतून आलेली गाडी आहे म्हणून. त्या गाड्यांना बऱ्याच वेळा उंच दिसावी, मागच्या वाढीव सीटचं वजन झेलावं म्हणून पाटे वाढवलेले असतात, आणि उंचीसाठी लांब शॅकल टाकलेले असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत समोरचा शॅकल मला लांब वाटून राहिला. जिप्सीत समोरच्या पाट्याचा शॅकल पुढच्या बाजूला आहे, तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (वळणाच्या खुंटीचा मागे कललेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी म्हणजे स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, हायवेला गाडी सारखी सांभाळत राहावी लागते. वर लांब शॅकल बुशला आडवा जोरही जास्त देतो. तुम्ही वर्धा रोडनं रोज जाणार असाल तर कंपनीच्या लांबीचे शॅकल परत लावा, मगच बुशवर पैसे घाला. उंची हवी असेल तर पाट्याची कमान करून घ्या, शॅकलने नाही. हे माझं ठाम मत आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल लांब लावावे पण मग लोळण्याबद्दल विचारू नये.

आता घरी करायचं का? जागा पक्की असेल, म्हणजे सिमेंट किंवा फरशी, तर शॅकलकडचे बुश घरी होतात. अंगणात मातीवर नको, पावसानंतर तर अजिबातच नाही, जॅक बसतो आणि गाडी सरकते. लागणारं सामान: दोन जॅक, चांगल्या दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पाने, लांब दांडा, हातोडा, पितळी पंच, आणि जंग सुटायचं स्प्रे. विटांवर किंवा जुन्या रिमवर गाडी टेकवून खाली शिरणारे मी पाहतो, वीट तर न सांगता फुटते, ते करू नका. एका वेळी एकच एक्सल घ्यायचा, दुसऱ्या एक्सलच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावायचे. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, मागचा एक्सल उचलला की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही.

स्प्रे कामाच्या दिवशी नाही मारायचा, दोन-तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ नटांवर मारत राहायचा, नेमका नटाच्या आट्यांवर, बुशवर उडू द्यायचा नाही (जुने बुश जाणारच आहेत म्हणा, पण शेजारचे शॉकॲबचे राहणार आहेत ना). मग चाकं जमिनीवर असतानाच सगळे नट पाव-पाव फेरा ढिले करून घ्या, घोडीवर चढवून जोर लावणं धोक्याचं. त्यानंतर चेसिसखाली जॅक लावून उचला, घोड्या चेसिसखाली, समोरच्या पाट्याच्या मागच्या हँगरच्या मागे, आणि दुसरा जॅक एक्सलखाली. हा दुसरा जॅकच सगळं काम करतो. एक्सल लोंबकळत ठेवला तरी पिनवर जोर, जास्त उचलला तरी पिनवर जोर, मधे कुठंतरी एक जागा येते जिथे पिन बोटाने फिरते. जॅकचा दांडा थोडा-थोडा हलवत ती जागा शोधायची आणि मग पिन हाताने बाहेर येते. जिथे पोरं घण मारत बसतात ना तिथे नव्वद टक्के वेळा जॅकची उंचीच चुकलेली असते. आणि भोकं समोरासमोर आली का हे बोट घालून पाहायचं नाही, पंच घालून पाहायचं, एक्सल अर्धा इंच जरी सरकला तरी बोट जातं.

शॅकलला एका पत्तीला पिना पक्क्या असतात, दुसरी पत्ती नुसती नटावर बसते. नट काढा, बाहेरची पत्ती काढा, मग पिनावाली पत्ती आतून हलके ठोकून काढा. शॅकलकडे बुश दोन तुकड्यांचे कॉलरवाले असतात, एक आतून एक बाहेरून, ते स्क्रू ड्रायव्हरने निघतात. फिक्स टोकाला तुमच्या गाडीत काय आहे ते उघडूनच पाहा, कारण सफारीत चाललेल्या गाडीचे पाटे कधीतरी बदललेले असतात आणि बदलणाऱ्याने हाताशी होतं ते ठोकलेलं असतं. तिथे तसेच दोन तुकडे निघाले तर सोपं. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मधे चिकटलेलं रबर, असा अखंड सायलेंट ब्लॉक निघाला तर खरं काम तिथे आहे.

सायलेंट ब्लॉकमध्ये बोल्ट आतल्या नळीला गंजाने चिकटतो. नट निघतो, तुम्हाला वाटतं झालं, पण बोल्टच्या डोक्याला पाना लावून फिरवलं की नळी सोबत फिरते, रबर लवचिक असल्याने पाना परत मागे येतो. हे दिसलं की फिरवणं बंद करा. अजून जोर लावून काहीच सुटत नाही, फक्त डोकं गोल होतं. एक-दोन वेळा पितळी पंच लावून ठोकून पाहा, नाही हललं तर ब्रॅकेट आणि डोळ्याच्या मधल्या फटीतून दोन्हीकडे बोल्ट कापायचा, हॅक्सॉचं नुसतं पातं कापड गुंडाळून हाताने, नाहीतर पातळ चाकाचा ग्राइंडर. नवीन बोल्ट तसाही टाकायचा आहे. ग्राइंडर लावला तर ब्रेकची होज पाईप ओल्या कापडाने झाका. आणि मागच्या पाट्याजवळ ग्राइंडर किंवा गॅस कटर काहीही नको, जिप्सीची पेट्रोल टाकी मागेच आहे. गॅसने रबर जाळून बुश काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण एकतर टाकी, दुसरं तो धूर, आणि तिसरं म्हणजे डोळा लाल झाला की मेन पाट्याचं पाणी उतरतं (पोलादाचा कडकपणा जातो) आणि मग तो डोळा उघडायला लागतो. जाळायचं नाहीच. ड्रिलने रबरमध्ये चार-सहा भोकं पाडा, आतली नळी ओढून काढा, रबर खरवडा, मग बाहेरच्या नळीत हॅक्सॉचं पातं घालून लांबीत एक काप द्या, डोळ्याला न लागता, थोडं बाकी असतानाच थांबा, आणि बारीक छन्नीने ती कड आत दुमडा. नळी ढिली होऊन निघते. वेळ लागतो, घाई करू नका.

डोळा रिकामा झाला की तिथेच थांबून पाच मिनिटं पाहा, हे कोणी करत नाही. डोळा गोल आहे का लंबगोल झाला, त्याचं तोंड उघडलं का, डोळ्याच्या खाली मेन पाट्याला केसासारखा तडा आहे का. तडा असेल तर वेल्डिंग नको, पाट्याला वेल्डिंग टिकत नाही, मेन पाटा नवीन. मग हँगरची भोकं. नवीन बोल्ट त्या भोकात घालून हलवा, हलला तर तुमच्या खटखटीचा निम्मा जवाब तिथे आहे. ओव्हल भोकाला वर वॉशर टाकून आवळून काही होत नाही, चांगल्या वेल्डरकडून भोक भरून किंवा जाड चकती लावून नेमक्या मापाचं परत पाडून घ्यावं लागतं. चेसिसला हँगरपाशी हातोडीने हलके ठोकून पण पाहा, आवाज बद्द आला आणि पापुद्रे निघाले तर गंज आतून खाऊन राहिला.

बोल्टचं थोडं जास्त सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातून जो फुल आट्यांचा बोल्ट येतो तो इथे चालत नाही. ब्रॅकेटच्या दोन्ही भोकांत बोल्टचा गुळगुळीत भाग बसला पाहिजे, आटे फक्त नटापुरते. आट्यांवर भार आला की ते कानशीसारखे ब्रॅकेटचं भोक खातात, आणि मग वरचा सगळा वेल्डिंगचा खर्च. डोक्यावर कमीत कमी ८.८ (मजबुतीचा आकडा) लिहिलेलं पाहा, नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट परत वापरू नका. माझं तर म्हणणं आहे की या कामात रबरापेक्षा बोल्ट-पिनेवर पैसे घाला, रबर चुकलं तर परत टाकता येतं, भोक खाल्लं तर चेसिस खोलावी लागते.

बसवताना डोळा आतून पॉलिश पेपरने साफ करा, रंगाचे, गंजाचे पापुद्रे राहायला नको. रबर बुशला लावायला साबणाचं पाणी, बस. ग्रीस नाही, ऑइल नाही, डब्ल्यूडी-४० पण नाही. तळहाताने दाबून जोर लावून आत गेला पाहिजे. दोन बोटांनी सहज पडला तर बुश चुकीचा आहे किंवा डोळा मोठा झालेला आहे, आणि घणाने ठोकावा लागला तरी चुकीचा. सायलेंट ब्लॉक बाहेरच्या नळीवर दाबायचा, रबरवर किंवा आतल्या नळीवर नाही, शक्यतो प्रेसवर. स्कॉर्पिओ आणि टाटा सफारी गाडीवाले पण हे वाचत असतील, तुमच्या सस्पेन्शनच्या आर्मच्या काही बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, ती कोणत्या बाजूला होती त्याची खूण जुना काढायच्या आधी आर्मवर करून ठेवा.

मग सगळे नट हाताने, फारतर पान्याने हलके, पत्ती टेकेपर्यंत. चाक लावा, गाडी खाली घ्या, गुटके काढा, चार-पाच वेळा मागे-पुढे ढकला, बंपरवर दोघांनी दाबून सोडा म्हणजे पाटा आपल्या जागेवर बसतो. गाडीत जे नेहमी असतं ते असू द्या, टूलबॉक्स, स्टेपनी, सगळं. आणि आता फायनल टाईट, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, टॉर्क रेंचने. जिप्सी उंच आहे, खाली झोपून पाना सहज लागतो, म्हणून "जमिनीवर पाना लागत नाही" हे मेकॅनिकचं कारण ऐकून घेऊ नका. एखाद्या गाडीत खरंच लागत नसेल तर घोड्या चेसिसखालून काढून एक्सलखाली लावायच्या, वजन पाट्यावरच राहतं, काम तेच. दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा सगळे नट आणि यू-बोल्ट परत तपासा. अलाइनमेंटमध्ये या गाडीला टो (चाकांची तोंडं पुढून आत-बाहेर किती) सोडून काही ॲडजस्ट होत नाही, कॅम्बर-कॅस्टरचे पैसे कोणी मागितले तर हसून निघून या.

आता पॉली. पॉली वाईट नाही, पण तुमचा प्रॉब्लेम तो सोडवत नाही. पॉली पिळला जात नाही, तो पिनेवर फिरतो, म्हणून त्याला ग्रीस लागतं, तेही पॉलीसोबत येतं तसलं सिलिकॉनचं, आणि ते काही महिन्यांनी परत. आपल्याकडच्या मुरमाच्या धुळीत आणि काळ्या चिखलात ते ग्रीस धूळ धरतं, करकर सुरू होते आणि पिन घासते. दुसरं, जंगलरस्त्याला एक चाक वर एक खाली झालं की पाटा आपल्याच लांबीत पिळतो, रबर ते सहन करतं, पॉली कडक असल्याने तो पीळ हँगरवर आणि पाट्यावर ढकलतो. पूर्ण वेळ डांबरी रोड, कोपऱ्यात गाडी टाईट हवी, आणि वेळेवर खोलून ग्रीस करायची हौस, असं असेल तर टाका. तुमची गाडी महिन्यातून दोनदा खेड्यात जाणारी, मी तर कंपनीचं रबर टाकेन. जॅकवर आवळल्याने पॉली फाटत नाही हे खरं आहे, आणि म्हणूनच बऱ्याच मेकॅनिकांना पॉली आवडतो, बाकी तुम्ही समजदार आहात.

घेताना कंपनीचा पार्ट घ्या, पाकीट उघडून पाहा. रबरवर नख दाबा, खूण उमटून परत गेली पाहिजे. दोन्ही तुकड्यांच्या कॉलरची जाडी सारखी पाहा, लोकल मालात ती कमी-जास्त निघते आणि मग पत्ती तिरपी बसते. पाकीट वर्षानुवर्षं दुकानात काचेआड उन्हात पडलेलं असेल तर तेही नको.

फिक्स टोकाला सायलेंट ब्लॉक निघाला आणि घरी जमत नसेल तर पाटा खोलून वाडीकडे ट्रकच्या पाट्यांचं काम करणाऱ्या एखाद्या कमानीवाल्याकडे न्या, त्यांच्याकडे प्रेस असते, दिवसभर हेच करतात, डोळा उघडला असेल तर तोही बसवून देतात. पूर्ण गाडीच तिथे टाकली तर एवढंच करा, फायनल आवळायच्या वेळेला स्वतः उभे राहा आणि गाडी खाली उतरवल्याशिवाय गोटी पाना लावू देऊ नका. ते म्हणतील ट्रकला आम्ही असंच करतो. बऱ्याच ट्रकला पितळी बुश आणि ग्रीसची पिन असते, तिथे चालतं, हे त्यांना सांगा.